मान ताठ शे याची

"मान ताठ शे याची. वाकवतो." नवं पोरगं आलं की नाना त्याच्या मानेवर पंजा ठेवून बापाला हे सांगायचे. बाप खूश. पोराचं नाव नंतर विचारलं जायचं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्हीही असे नाना पाहिले असतील, कदाचित हारही घातले असतील.

धुळ्यात देवपूरच्या पुढे नानांनी बिघडलेल्या पोरांसाठी निवासी सुधारगृह काढलं होतं. आधी पत्र्याच्या खोल्या होत्या. मग थेट बोदवडहून आईबाप पोरं आणून सोडू लागले आणि वर मजला चढला. मी तिथे दुपारी शिलाई शिकवायचे.

रविवारी आया डबे आणायच्या. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. "मायेची चव लागली की पोर पुन्हा बिघडतं," म्हणत नाना डबे ठेवून घ्यायचे आणि संध्याकाळी स्वतः मिटक्या मारत जेवायचे. त्यांच्यात बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणा.

मग 'आरसा'. हा नानांचा शोध. आईबापांसमोर एका पोराला मधे बसवायचं. बाकीच्यांनी त्याचे दोष ओरडून सांगायचे आणि त्याने मान खाली घालून प्रत्येक दोषाला "खरं शे, नाना" म्हणायचं. अडखळला तर घरी जाणं लांबलं. पोरं काय खुळी होती? न केलेलं पापही पदरात घ्यायची.

दोंडाईच्याच्या किराणा दुकानदाराचा एक मुलगा होता. कॉलेज बुडवून क्रिकेट खेळला, एवढाच त्याचा गुन्हा. शिलाईत हात छान बसला होता. त्याला दिवाळीला घरी जायचं होतं. त्याच्या 'आरशा'त कोणीतरी ओरडलं, "यानी मायनी पोत चोरी!"

"खरं शे, नाना."

समोर बसलेल्या आईने गळ्याला हात लावला. पोत गळ्यातच होती. ती उठून उभी राहिली. "अरे, हाई मन्हा गयामा शे ना!"

नाना हसले. "बघा, माय कशी पांघरूण घालते. म्हणूनच पोरं बिघडतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाच्या बापानेसुद्धा. आईने कोणाकडे न बघता पोराचा हात धरला आणि त्याला फाटकाबाहेर नेलं. मीही पुन्हा तिथे गेले नाही. संताप संताप झाला होता.

नाना गेल्या वर्षी वारले. चौकात मोठा फलक लागला, हात जोडलेला फोटो.

त्यानंतर एकदा दोंडाईच्याला त्या मुलाच्या दुकानात गेले. आता शिलाईचं दुकान आहे त्याचं, लग्नही झालंय. "या अक्का," म्हणून त्याने खुर्ची दिली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक तणतणत आलं. "उरलेलं कापड तूच ठेवून घेतलंस ना?" कापडाचा तुकडा गिऱ्हाइकाच्याच पिशवीतून बाहेर लोंबत होता. आम्हा दोघांनाही तो दिसत होता.

मुलाने कात्री खाली ठेवली. मान खाली घातली.

"खरं शे, नाना."

मी उठून त्याच्या हनुवटीला हात लावला आणि मान वर केली. हात काढला तशी ती पुन्हा खाली गेली.