बाराचा खेळ

मशीनवाले चाचा आधी मारायचे, मग कारण सांगायचे. पुष्कळदा कारण सांगायचं राहूनच जायचं आणि ते काम माझ्याकडे यायचं. आमच्या धारूरच्या टॉकीजमध्ये मी बायकांच्या तिकीट खिडकीत बसायची. मार खाल्लेला माणूस गाल धरून खिडकीशी येई, "बाई, मला कावून मारलं हो त्यांनी?" मी म्हणायची, "पडद्यावर चूळ टाकलीस ना, म्हणून." मग त्याला पटायचं.

चाचांचं घराणं मेकॅनिकांचं. टॉकीजचा जनरेटर दुरुस्त करायला आले आणि वर सिनेमाच्या मशीनच्या केबिनमध्येच राहिले. रिळं गेली, कॉम्प्युटरचं मशीन आलं, ते त्यांनी त्याच जुन्या पान्याच्या धाकात ठेवलं. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पाना असायचाच. एकदा मालकांचा मेहुणा बायकांच्या रांगेत मुद्दाम अंग घासत फिरत होता. चाचा जिना उतरून आले आणि एकच ठेवून दिली. मालक तणतणत आले, तर चाचांनी मेहुण्याचा पडलेला दात त्यांच्या तळहातावर ठेवला नि म्हणाले, "बोलण्यात टाइम जातो, मालक. खेळ सुरू व्हायचाय."

आता हे सगळं मला गोड वाटायचं असं समजू नका. एका गरीब पेरूवाल्याला त्यांनी भलत्याच समजुतीने इतकं बडवलं की त्याचं नाक फुटलं. चूक कळल्यावर आठ दिवस त्याची हातगाडी स्वतः ढकलली. माफी काही तोंडातून निघाली नाही.

या माणसाचा जीव एका गोष्टीत होता, बाराच्या खेळात. दुपारी बाराला मराठी सिनेमा आणि तो बायकांचा, हा आमच्याकडचा रिवाज. सकाळी भाकरी, धुणं उरकायचं. तीनच्या पुढे जनावरांचं पाणी, पुन्हा चूल. मधले तीन तास तेवढे बाईचे. ऊसतोडीला गावं रिकामी झाली की खेळाला सात-आठ बायका असत, तरी चाचा सिनेमा लावायचे. "डोकी मोजू नका, बाई," म्हणायचे, "रडल्याचा आवाज वरपर्यंत आला का, तेवढं बघा."

मग एक दिवस शहरातून वितरकाचा माणूस आला. मोठा परदेशी सिनेमा, हिंदीतून बोलणारा, तीन आठवडे. अट एकच : बारा, तीन, सहा, नऊ, चारही खेळ त्याचे. मालक चाचरत म्हणाले, "मराठीचं काय?" त्यानं हसत कागदावर लिहिलं, एक खेळ मराठी, सकाळी नऊ. मालकांना वाटलं, मिळाला की मराठीला वाटा. चाचांनी मात्र त्या माणसाची कॉलर धरून त्याला टेबलावर पालथा घातला. "नऊला बाईच्या हातात पीठ असतं बे. तुझी आई नऊला काय करती?" तिघांनी मिळून सोडवलं. सही व्हायची ती झालीच.

आठवडाभर नऊच्या खेळाला कुत्रं फिरकलं नाही. मालक म्हणाले, "बघा, मराठी चालतच न्हाई." चाचांनी पाना काढून पुसला नि पुन्हा खिशात ठेवला. ते मारत नसले की मला भीती वाटायची. जाता जाता खिडकीशी वाकून म्हणाले, "उद्या बाराला या म्हणावं बायांना." मी घरोघर निरोप दिला. माझीही चूक त्यात आहेच, ती मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत बायका, खाली परदेशी सिनेमाची तिकिटं काढलेली तरणी पोरं. चाचांनी केबिन आतून लावून घेतली. नऊच्या खेळाचा मराठी सिनेमा मशीनमध्ये होताच, तोच लावला. खाली आधी शिट्ट्या, मग शिव्या, मग खुर्च्या उपटल्याचा आवाज. दहा-बारा जण जिन्यानं वर धावले आणि बाकडं आपटून त्यांनी केबिनच्या दाराची आतली कडी तोडली. पट्ट्याच्या बक्कलनं चाचांचं कपाळ उभं चिरलं. चाचांनी पाना फिरवला आणि एकाचा जबडा मोडला. तो आवाज मला अजून भाकरी मोडताना आठवतो. मग चौघांनी त्यांना धरलं, उजवा हात चौकटीत घातला आणि एकानं ते लोखंडी दार ओढून आपटलं. एकदा, दोनदा.

मी खिडकी सोडून त्यांच्यामागे वर आले होते; तिसऱ्यांदा ओढायच्या आत मी मागून त्याच्या कानाखाली जेवणाचा डबा घातला. चार पुडांचा स्टीलचा डबा, सकाळचा भरलेला. तो मटकन खाली बसला. भिंतीवर आमटी कुठली नि रक्त कुठलं, कळेना. तोवर बायकांनी जिना अडवला होता; चपला हातात घेऊन उभ्या होत्या. पडद्यावर सिनेमा चालूच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

बीडच्या दवाखान्यात चाचांची दोन बोटं काढली. मी भेटायला गेले तर सुजलेल्या तोंडानं म्हणाले, "मनगट ढिलं हाय तुमचं. जागा मात्र बरोबर धरली." मालकांनी त्यांना कामावरून काढलं. पण तीन आठवडे सरल्यावर बाराचा खेळ पुन्हा मराठी झाला. त्या जिन्यातल्या चपला मालकांनी पाहिल्या होत्या.

पुढे चाचा घरीच असायचे, रेडिओ कानाला लावून. परदेशाशी खुल्या व्यापाराची बोलणी चाललीत, कशाकशाला दार उघडायचं त्याची घासाघीस चाललीय, अशा बातम्या आल्या की माझ्याकडे यायचे. एकदा म्हणाले, "दिल्लीला कागद लिहा. माझ्या हातानं आता पेन धरवत न्हाई." ते सांगत गेले, मी लिहीत गेले : परदेशी सिनेमाचं आम्हाला वावडं नाही, मी स्वतः लई लावलेत. पण करारातून आपला सिनेमा बाहेर ठेवा, साबण-मोटारीच्या बदल्यात तो देऊ नका. आणि वाटा मागायची वेळ आलीच तर नुसता वाटा मागू नका. घड्याळ लिहून घ्या. दुपारचे बारा.

मी म्हटलं, "चाचा, दिल्लीत कोण वाचणार हे?" त्यांचा हात सवयीनं वर गेला, तीन बोटांचा. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. उघडून पाहिलं तर हात तसाच हवेत. "मारू कुणाला, बाई?" म्हणाले. "समोर कुणीच न्हाई."

कागद गेला. उत्तर काही आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मय्यत निघाली तेव्हा दुपारच होती. बाराच्या खेळाच्या बायका टॉकीजसमोर रस्त्याकडेला उभ्या होत्या, आणि रडल्याचा आवाज केबिनपर्यंत जाईल इतका होता.

परवा वितरकाचा नवा कागद आला. मालकांनी चष्मा सापडत नाही म्हणून मला वाचायला बोलावलं. चारही खेळ, सकाळी नऊला मराठी. शब्दसुद्धा तेच. मी पेन घेतलं, त्यांच्या चारचे तीन केले, मराठीपुढचे नऊ खोडून बारा लिहिलं, आणि पोचा पडलेला माझा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. मालक डब्याकडे बघत राहिले. मग चष्मा खिशातच सापडला, आणि त्यांनी खोडलेल्या जागी सही केली.