धुरपताबाईले काईच माईत नाई

आमच्या गावात शिरलं का पहिलं घर धुरपताबाईचं, अन् त्याच्या बाजूले आमचं. धानोऱ्यापासून आत, डांबर संपते तिथून पुढं. चुकून आलेला माणूस पहिले तिच्याच ओट्याशी थांबते. अन् तिले काई विचारलं का तिचं उत्तर ठरलेलं. नाई माईत.

सरपंच घरी आहे का? नाई माईत. ही वाट कुठी जाते? नाई माईत. अवो, वाट तिच्या दारातून जाते, अन् जन्म गेला तिचा त्याच वाटेनं मोहाचे फुलं येचाले जाण्यात.

पण तिलेच कायले बोल लावू, साऱ्या गावाची रीत आहे ती. जंगलातलं गाव होय. अनोळखी माणूस कोणाचं नाव घेऊन आला, तर तो कोण, कोणाचा, कायले विचारते, आपल्याले काय ठाव? त्याले बसाले बाज द्यायची, प्याले पाणी द्यायचं, पत्ता द्यायचा नाई. ह्या रीतीनं गावातली माणसं वाचली आहेत. कशी वाचली ते मले विचारू नका, मलेबी नाई माईत.

मी सीता. माह्या पोरीचं नाव निशा. गडचिरोलीले नर्सचं शिकली, नागपूरले दवाखान्यात राह्यली, तिथंच जर्मन भाषा शिकली, अन् जर्मनीतल्या एका दवाखान्यानं तिले बोलावलं. ऐकून धुरपताबाई म्हणे, "आपले भात रांधाचे जरमनचे गंज तिकूनच येतेत का वं?"

"नाई बाई, गंज नागपूरहून येतेत," निशा म्हणे.

"मंग तिथं काय आहे एवढं?"

"म्हातारे लोक आहेत. पाहाले कोणी नाई त्याईले."

"म्हातारे तर इथीबी आहेत," बाई म्हणे, अन् मोह वाळवाले निघून गेली.

बाईचा अन् निशाचा मामला वेगळाच. निशा घरीच झाली, तिची नाळ बाईनंच कापली. पोरगी माह्या घरी कमी अन् तिच्या ओट्यावर जास्त वाढली.

नागपूरची नोकरी सोडून निशा घरी आली अन् कागदाच्या मागं लागली. जन्माचा, जातीचा, शाळेचा, साऱ्या दाखल्याईसाठी तिच्या बापाले, चैतूले, धानोऱ्याच्या चकरा मारून मारून घाम फुटला. राह्यला फक्त पासपोर्ट. तो पावसाळ्याच्या आत हाती पडला तर व्हिसा, नाईतर ती जागा दुसऱ्या पोरीले. दवाखान्यानं तसं साफ लिहून पाठवलं होतं. अन् पासपोर्टाच्या आधी पोलीस घरी येऊन पाहाणार, का पोरगी दिलेल्या पत्त्यावर खरंच राह्यते का नाई.

पोलीस आला तो ऐन मोहाच्या दिवसात. त्या दिवसात आमचं गाव झुंजुरकाले रानात जाते ते ऊन चढल्यावरच येते. निशाबी माह्यासंगं मोह येचून राह्यली होती. गावात धुरपताबाई तेवढी, वाळत घातलेल्या मोहाजवळ काठी घेऊन, बकऱ्या हाकत. अन् इसरूभाऊ बोरिंगवर अंग धुऊन राह्यला होता.

पोलिसानं वर्दी घालून यायचं का नाई? हा आला निळ्या शर्टात, मोटारसायकलवर.

"आजी, निशा चैतू उसेंडी इथी राह्यते का?"

"नाई माईत."

"चैतू उसेंडीचं घर कोणतं?"

"नाई माईत."

त्यानं मोबाईलमधला निशाचा फोटो दाखवला. बाईनं फोटो दूर धरून पाह्यला, जवळ धरून पाह्यला, अन् म्हणे, "बाहेरची दिसते." बाजूलेच आमच्या दोरीवर निशाची ओढणी वाळून राह्यली होती. हे घर कोणाचं म्हणून विचारलं, तर तेबी नाई माईत.

मंग तो इसरूभाऊकडे गेला. इसरूभाऊ ह्याच गावात म्हातारा झाला, कधी मुक्कामाले बाहेर गेला नाई. तो अंगाले साबण लावल्या लावल्या म्हणे, "मी पाव्हणा होय इथी."

निळा शर्ट पाणी पिऊन गेला. आम्ही टोपले घेऊन आलो तवा दोघाईनं त्याचं नावबी नाई काढलं.

पुढच्या हप्त्यात निशा टेकडीवर चढली, आमची रेंज तिथंच आहे. खाली आली ते तोंड एवढंसं करून. मोबाईलवर आलं होतं का पोलिसाचा अहवाल उलटा आहे, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राह्यत नाई. आम्ही धानोऱ्याले धावलो. तिथल्या साहेबानं कागद पाह्यला अन् म्हणे, "बाई, आम्ही काय करू? तुमच्याच शेजारच्या म्हातारीनं सांगतलं, ही पोरगी बाहेरची दिसते."

मले काय वाटलं असन सांगू? मी आधी घरात गेलीच नाई. आली ते थेट बाईच्या ओट्यावर.

"बाई, जिची नाळ कापली तिले तुम्ही ओळखत नाई?"

"ओळखतो ना."

"मंग?"

"अवं, निळा शर्ट घातलेला माणूस जवान पोरीचा फोटो घेऊन फिरून राह्यला, अन् मी त्याले घर दाखवू? मी वाचवली तिले."

आता हिच्यावर कोणता राग काढावा? मी तरी काढला. सारा काढला. निशा मले ओढून घरात घेऊन गेली अन् मंग एकटी कोपऱ्यात बसून रडली. ते बाईले ऐकू गेलं. भिंती आमच्या कुडाच्या, साऱ्याले सारं ऐकू जाते.

साहेबानं पुन्हा माणूस पाठवाचं कबूल केलं. गाव बसलं अन् ठरलं का ह्या वेळी सारं खरं सांगायचं. बाईची तर मी तालीमच घेतली.

"मी पोलीस होय. निशा इथी राह्यते का?"

"नाई माईत."

"बाई!"

"जिभेले सवय आहे वं. पुन्हा विचार."

तोच निळ्या शर्टाचा जमादार आला, आता वर्दीत. निशा घरी, मी घरी, चैतू घरी, कोणी रानात गेलं नाई. त्यानं धुरपताबाईले विचारलं, "आजी, आता तरी सांगता का?"

बाईनं पदर सावरला अन् सुरू झाली. निशा कोणत्या पावसात झाली, नाळ कुठी पुरली, रांगत येऊन हिचं आंबील कसं सांडलं, शेंबूड कसा वाहे, सारं. जमादार म्हणे, "बस आजी, समजलं." बाई म्हणे, "थांब ना, चोरी राह्यली."

जमादाराचा हात थांबला. "कायची चोरी?"

"माह्या घरातली. लय वेळा. मंग आश्रमशाळेतून पळूनबी गेल्ती."

निशानं डोळे मिटले. जमादारानं पेन खाली ठेवला अन् म्हणे, "चोरलं काय?"

"चारं," बाई म्हणे. "टोपलंभर चारं वाळू घातले मी, चारोळी काढाले, तर हे बसून बसून खाये. अन् शाळेतून पळाली ते माह्याचसाठी. मले ताप आल्ता."

जमादारानं पेन पुन्हा उचलला. मंग त्यानं लिहिलं, अन् साक्षीदार म्हणून बाईचा अंगठा घेतला. दुसरा साक्षीदार इसरूभाऊ. "तुम्ही तर पाव्हणे होते ना, भाऊ?" जमादार म्हणे.

"हो," इसरूभाऊ म्हणे. "मंग राह्यलो इथीच."

पासपोर्ट आला, व्हिसा आला, अन् निशा गेली. बाईनं तिच्या बॅगेत चारोळीची पुडी कोंबली. "आता चोरायचं काम नाई," म्हणे. मी रडली, चैतू रडला. बाई बकऱ्या हाकत होती.

परवा एक मास्तरीण घरोघरची माणसं लिहाले आली. नवीन होती, पहिले धुरपताबाईच्याच ओट्याशी थांबली. मी अंगणात भांडे घासून राह्यली होती.

"आजी, बाजूच्या घरी कोण कोण राह्यते?"

"चैतू, सीता, निशा," बाईनं धडाधडा सांगतलं. माह्या हातातला गंज तसाच राह्यला. उभ्या जन्मात तिनं तालीम घेतल्याबिगर अर्धं नाव कोण्या अनोळख्याले सांगतलं नोहोतं.

"निशा आता कुठी आहे?"

"रानात गेली. इथीच राह्यते ते."

मास्तरणीनं आमच्या दाराकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. "काकू, पोरगी कधी येईल?"

मी सांगणार होती, जर्मनी, दवाखाना, सारं. खरं सांगाची तालीम तर मीच घेतली होती बाईची. पण तिनं विचारलं, कधी येईल. रोज टेकडीवर चढून फोनवर निशाले मी तेच विचारतो, अन् ते रोज गोष्ट बदलते.

"नाई माईत," मी म्हटलं.

धुरपताबाईनं माह्याकडे पाह्यलं. मंग मास्तरणीकडे बाज सरकवली अन् पाणी आणाले आत गेली.