किल्लीकाकांच्या घराचं कुलूप

माझे सासरे गेले त्याला आता वर्ष होईल. लोक म्हणतात, "सुटलीस बाई एकदाची." सुटले कसली! बाबा गेले, पण थकवा काही त्यांच्याबरोबर गेला नाही. तो मुक्कामाला माझ्याकडेच राहिलाय.

सगळी गल्ली त्यांना किल्लीकाका म्हणायची. कोपऱ्यावर त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक टपरी, त्यात कानशी, कोऱ्या किल्ल्यांच्या माळा आणि एक डुगडुगणारं स्टूल. किल्ली हरवलेला माणूस घाम पुसत यायचा. बाबा आधी त्याला स्टुलावर बसवून पाणी द्यायचे, मग सायकल काढून त्याच्यामागे निघायचे. दारापाशी पोचले की आधी बेल वाजवायचे.

"काका, आत कुणी नाही हो! मीच तर बाहेर उभा आहे."

"असू दे. चोराला आणि मला विद्या एकच येते. मी वाजवून आत जातो, एवढाच काय तो फरक."

आणि काम झालं की उघडं कुलूप मागे ठेवून निघायचं नाही. स्वतःच्या हाताने लावायचं, ओढून बघायचं, मगच सायकलला हात. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की घरातला साखरेचा डबासुद्धा झाकण लावून ओढून बघायचे.

माणूस मात्र लाखात एक. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकाच्या नावाने ठणठणाट. नवरा पहिल्या घासालाच तोंड वाकडं करायचा. बाबा करपलेलं सगळं निपटायचे आणि म्हणायचे, "आज जरा खमंग झालंय, सूनबाई." मला वडील नव्हते. पण या घरात आल्यावर ते कधी जाणवलं नाही.

मग विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग टपरीचा रस्ता, मग जेवलो की नाही ते. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर. नाव घेताना आपलीच जीभ अडखळते, ज्याला झालाय त्याने ते कसं लक्षात ठेवायचं! टपरी बंद केली, पण बाबांचं काम काही बंद झालं नाही. बसल्या जागेवरून उठायचे. "कुणीतरी घराबाहेर अडकलंय, जाऊन येतो." आणि चालायला लागायचे. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून. मी त्यांना हात धरून घरी आणलं. पुढच्या वेळी ब्रेक नाही लागला तर? हा एकच प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसला.

नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, जरा लक्ष ठेवत जा ना त्यांच्याकडे." फोनवरून सांगायला काय जातं! नवरा सकाळी गाडी घेऊन माल पोचवायला जायचा तो दिवेलागणीला यायचा. मी घरी शिलाईचं काम घेते. मशीन दाराजवळ सरकवलं, आणि जाळीच्या दाराला आतून कुलूप घातलं.

किल्लीकाकांच्या घराला कुलूप! आता बोला.

माझी केसातली पिन नाहीशी झाली की समजायचं. बाबा कुलूप उघडायचे, बाहेर जायचे, आणि जाळीतून हात घालून ते पुन्हा लावायचे. ओढूनसुद्धा बघत असणार. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही दोघांनी आख्खं घर पालथं घातलं. न्हाणीघर, पलंगाखाली, नवऱ्याने तर कपाट उघडून पाहिलं. "अगं, कुलूप लागलंय, जातील कुठे?" आणि बाबा पलीकडच्या गल्लीत भलत्याच घराची बेल वाजवत उभे. त्या दिवसापासून ठरलं, आपल्या घराच्या कुलपावर विश्वास ठेवायचा नाही. बाबा दिसले नाहीत की आधी रस्त्यावर धावायचं, घर मागाहून बघायचं.

मी कुलपं बदलत राहिले. शेवटी दुकानदाराने सगळ्यात भारी काढून दिलं. "ताई, हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही." आमच्या बापाने ते चहा निवायच्या आत उघडलं. नवरा पोट धरून हसला. मी खवळलेच. "हसा! एक दिवस घरी बसून बघा, मग हसा." दिवसभर एक डोळा शिलाईवर, एक दारावर. अंग नुसतं मोडून यायचं. देवाकडे मी दुसरं काही मागत नव्हते. बाबांना उघडणार नाही असं एक कुलूप दे, आणि मला तासभर झोप दे.

एका दुपारी मशीनवरच डोळा लागला. दचकून जागी झाले तर बाबांची खुर्ची रिकामी, कुलूप जागच्या जागी. किल्ली घेऊन बाहेर पडले, सवयीने कुलूप मागे लावलं आणि धावले. गल्ली, टपरी, मोठा रस्ता. प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला जीव वरखाली. कुणी म्हणे पाहिले नाहीत, कुणी म्हणे ताई, आधी पाणी प्या. रडतच परत आले.

बाबा घरातच होते. मागच्या खोलीत झोपले असणार, आणि मी ठरल्याप्रमाणे आधी रस्त्यावर धावले, घर बघितलंच नव्हतं. आता जाळीच्या आत उभे, एका हातात दाराला लटकलेलं कुलूप, दुसऱ्या हातात माझी पिन. पिन कुलपावर नुसती घासत होते, आत कुठे घालायची तेच त्यांना कळत नव्हतं.

मला पाहून चेहरा उजळला. "बाई, जरा मदत करता? मी अडकलोय. माझी सून जेवायची थांबली असेल."

जे मागितलं होतं ते मिळालं होतं. मला हंबरडा फोडावासा वाटला. मी जाळीतून त्यांचा हात धरला, पिन धरून भोकापाशी नेली. "उघडा ना, बाबा. येतं तुम्हाला. उघडा आणि जा कुठे जायचं तिथे, मी येते शोधायला. रोज येईन."

बाबा कुलपाकडे बघत राहिले. मग अवघडल्यासारखं हसले आणि पिन माझ्या तळहातावर ठेवली.

"तुम्हीच बघा, बाई. मला यातलं काही येत नाही."