बटाट्यांबरोबर गेलेले अकरा नोड

समाधानने एका फटक्यात अकरा नोड हडपसरला धाडले, तेही बटाट्यांबरोबर. नोड म्हणजे काडेपेटीएवढ्या डब्या. आजूबाजूची ऊब आणि ओल मोजायच्या, ती तारेवाचून एकमेकींना सांगायच्या, आणि अशी बातमी कॉम्प्युटरपर्यंत पोचवायच्या. कुठलं पोतं सडायला लागलंय ते आधीच कळावं, हे त्याचं एम.टेक.चं संशोधन. २००८ साली मार्केट यार्डातल्या एका गाळ्यात त्याने थप्पीच्या तळातल्या वीस पोत्यांत वीस डब्या घातल्या, सुबक नकाशा काढला आणि कोथरूडला खोलीवर निघून गेला. करमाळ्याच्या शाळेत नकाशाला पैकीच्या पैकी मार्क घेणारा मुलगा तो. तळातली पोती ऊब धरतात म्हणून हमाल थप्पी पलटतात आणि तीच पोती आधी बाहेर काढतात, हे कुणाला विचारावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

डब्या कॉलेजच्या होत्या. सोमवारी सर मोजून घेणार. एक जरी कमी भरली तरी वर्ष बुडालं.

"द्वारकाबाईंकडं गेली तुमची अकरा पोती," कचरू हमाल म्हणाला. "त्या कंपन्यांना जेवण पुरवतात ना, त्या."

"पावतीवर बघितलंत का, मामा?"

"पाठीवर बघितलं. मीच टेम्पोत टाकली."

तीस वर्षं पोती वाहून कचरूमामांचा डावा खांदा उतरला होता, पण कुठलं पोतं कुठं गेलं हे ते कधी विसरत नसत. त्या दिवशी टोळीतली आपली पाळी सोडून ते समाधानबरोबर बसने हडपसरला आले. बोलले मात्र सगळी वाट बटाट्यांवरच.

दहा डब्या पोत्यांतच मिळाल्या. अकरावी द्वारकाबाईंनी ओट्यावर मांडली होती.

"ही नाही मिळायची," त्या म्हणाल्या. "लाल दिवा लुकलुकतोय, तेव्हापासून मांजर दुधाकडे फिरकत नाही."

"बाई, पोराचं वर्ष जातंय," कचरूमामा म्हणाले. "करमाळ्याचा हाय तो. तिकडची ज्वारी देईल पायलीभर. जामीन मी."

डबी मिळाली. सोमवारी वीसच्या वीस भरल्या. पुढे प्रत्येक पलटीला मामा कुठलं पोतं कुठं गेलं ते सांगत, आणि समाधान नकाशा खोडून नवा काढी. सरांना आकडे आवडले.

"पोत्यांच्या जागा कुठल्या पद्धतीने काढल्यास?"

"कचरू, सर."

"कोणत्या साली छापून आलीय ही पद्धत?"

समाधानने मान खाली घातली आणि खरं काय ते सांगितलं. सर हसले, पास मात्र केलं.

आता तो कंपनीत आहे. गावाकडून येताना त्याच्या बॅगेत लॅपटॉप मावतो, ज्वारी मावत नाही. परवा मामांचा फोन आला.

"द्वारकाबाई मला विचारती. जामीन मी हाय."

"दिवाळीला नक्की, मामा."

"कुठल्या?"