ओव्याच्या पोळ्या

ओवा तळहातावर चोळला की मला तांड्याखालच्या गावातला सप्ता आठवतो. नव्वदीतली गोष्ट, मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. सप्त्याच्या शेवटच्या पंगतीसाठी घरोघरच्या पोळ्या देवळात द्यायची रीत होती, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या तांड्यालाही सांगावा आला. माझी याडी, म्हणजे आई, हरखून गेली. तिनं कुरुंद्याच्या बाजारातून ओवा आणला, पहाटेपासून चुलीपुढं बसून पोळ्या लाटल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन अनवाणी देवळात गेली. पुजाऱ्याच्या बायकोनं टोपली हसून घेतली. आम्हाला पंगतीच्या टोकाला बसवलं, पण पत्रावळीवर आलेल्या पोळीला ओव्याचा वास नव्हता. तो आला हात धुवायला देवळामागं गेल्यावर. तिथं बैल बांधले होते आणि त्यांच्या गव्हाणीत याडीच्या पोळ्या पडल्या होत्या. पुजाऱ्याची बायको मागून आली आणि याडीला लाडानं म्हणाली, “अगं, बैल म्हंजे नंदीच की! देवाच्याच मुखी लागल्या तुझ्या पोळ्या. तांड्याच्या हातचं गावाला कसं चालंल?” याडीनं वाकून तिला नमस्कार केला. पुढच्या वर्षी ती पुन्हा पीठ मळायला बसली, तेव्हा मी चिडून विचारलं, “आता काहून करून राहिलीस?” ती म्हणाली, “देवानं बोलावलंय, न्हाई कसं म्हणू?” याडी आता नाही. सप्त्याच्या पोळ्या सांगायला माणूस माझ्या दारात येतो, आणि मी त्याला एवढंच विचारते, “यंदा बैल किती हायेत?”