लिंबाला टांगलेलं गाडगं

देवावरचा विश्वास उडाला की माणूस आकाशाकडं बघून ओरडतो, असं मला तरुणपणी वाटायचं. कारण मी स्वतः सगळं मोठ्यानंच करायचो. हसणं मोठ्यानं, भांडणं मोठ्यानं, बैलांना हाक तर अशी मारायचो की पुढच्या गावची कुत्री उठून बसायची. पण माझा विश्वास उडाला तेव्हा साधा आवाजसुद्धा झाला नाही. एका सकाळी तोंड धुतलं, उगवतीकडं वळलो आणि जोडायला हात वर आलेच नाहीत. माझी बायको मथुरा तापानं जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते.

निजामाचं राज्य संपत आलं होतं. अर्थात, ते संपत आलंय हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की रस्ते बंद आहेत.

माझा पुतण्या हल्ली विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर सिमेंट-खडी कालवायचं यंत्र चालवतो. ते पिंप सारखं फिरतं ठेवावं लागतं, थांबलं की आतला माल दगड होतो, असं तो सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, "काका, मी तर दुसरं काही मिळालं न्हाई म्हणून हितं आलो. तुमी चुन्याच्या घाणीवर कसे गेलात?" मी त्याला हसत हसत म्हटलं, तुझ्यासारखाच. आईच्या पोटातून कोणी घाणी हाकायला निघत नाही. पण घाणीवर खरं कसा गेलो हे सांगायचं, तर मथुरेचं सांगावं लागतं, आणि ते मी आजवर नीट कोणाला सांगितलेलं नाही.

मी गाडीवान होतो. निलंगा ते लातूर माझी छकडागाडी चालायची आणि त्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याशी माझं घरोब्याचं नातं होतं. पाटलाची सून माहेरी न्यायची, व्यापाऱ्याचा माल आणायचा, वाटेत सोंगं काढून लोकांना हसवायचं. माझ्या गाडीत बसलेली म्हातारी उतरताना कंबर धरून उतरायची, ती हादऱ्यांनी नव्हे, हसून, असा माझा लौकिक होता. मथुरा कधीमधी मागं बसून यायची. तिला माझी सगळी सोंगं पाठ होती, तरी हसायची. तिचं मागणं एकच असायचं, गंगा दाखवा. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. नांदेडच्या घाटावर एकदा बुडी मारायची, एवढंच तिला हवं होतं. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. गाडीवानाच्या तोंडी पुढची खेप नेहमीच तयार असते.

मग आधी मोटार आली आणि उतारू गेले. नंतर धामधूम सुरू झाली आणि मालही गेला. वाटेत हत्यारबंद टोळ्या गाड्या अडवू लागल्या, बैल सोडून नेऊ लागल्या. बैल वाचवायचे तर रस्ता सोडायला हवा होता. लातूरच्या बाहेर एका महादेवाच्या देवळाजवळ जुनी बारव होती, पायऱ्यांची विहीर. ती आडत्यांनी वर्गणी करून दुरुस्त करायला काढली होती. तिथं चुना मळायच्या घाणीला बैलवाला हवा होता. मी गेलो. मथुरेला घेऊन देवळामागच्या पत्र्याच्या शेडात राहिलो.

घाणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत दगडी गोल चर असतो. त्यात विरवलेला चुना, वाळू आणि विटांचा चुरा टाकायचा, पाणी सोडायचं आणि बैलाला जुंपलेलं दगडी चाक त्यावरून फिरवत राहायचं, चुना लोण्यासारखा होईपर्यंत. एकदा पाणी पडलं की चाक थांबवायचं नाही. मी बैलामागं चालायचो. ज्याला रोज नवा रस्ता लागायचा असा माणूस मी, आता दिवसभर चालून संध्याकाळी निघालो तिथंच पोचायचो. बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधायची, का, तर त्याला चक्कर येऊ नये म्हणून. कामाचे मुख्य उस्मान मिस्त्री मला म्हणाले, "उसकू लगता मियाँ, सीधे रस्ते से जारऊँ. गोल फिरता बोलके मालूम हुआ तो बैठ जाता."

मी म्हणालो, "मिस्त्री, मला पण एक जोडी झापडं द्या."

ते हसले नाहीत. म्हणाले, "चुने के पास शौक से कोई आता नै. सब रस्ते बंद हुए तो आता." ते स्वतः कारागिरांच्या घरातले होते, मशिदीची नक्षी करायचे, आता बारवेला गिलावा करत होते. चुना वाहणाऱ्या सगुणामावशींचं सबंध गावच साथीत ओस पडलं होतं. आमच्यातलं कोणीच तिथं येण्यासाठी निघालेलं नव्हतं.

मथुरेला त्याच शेडात ताप भरला. हकीम झाला, वैद्य झाला, महादेवाला अभिषेक झाला. ती शुद्धीत असताना शेवटचं एवढंच म्हणाली, "अवं, आता तरी न्याल ना गंगंला?" मी म्हटलं, नेतो. त्या वेळी मी सोंग काढलं नाही.

अस्थी घरात ठेवत नाहीत, झाडाला टांगून ठेवतात, गंगेला नेईपर्यंत. मी छोट्या गाडग्यात भरल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि घाणीजवळच्या लिंबाच्या फांदीला गाडगं टांगलं. दुसरं झाड तिथं नव्हतं. त्याच लिंबाला मिस्त्रींचीही गाडगी टांगलेली असायची. चुन्याला चिवटपणा यावा म्हणून त्यात हिरड्याची पूड, गूळ, बेलाचा गर घालतात. मुंग्या लागू नयेत म्हणून ती गाडगी फांदीला. मथुरेचं गाडगं मी मुद्दाम वेगळ्या फांदीला बांधलं होतं. नांदेडला जायचा रस्ता जरा मोकळा झाला की निघायचं, असं मनाशी ठरवून मी रोज विचारपूस करायचो, आणि रोज कोणीतरी सांगायचं की आत्ता नको. घाणीच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा लिंब समोर यायचा. मी मान वर करून बघायचो आणि पुढं जायचो.

त्या दिवशी ऊन फार होतं. पाण्याची पखाल घेऊन येणारा आलाच नव्हता. चरातला चुना घट्ट होत चालला होता आणि मिस्त्री सारखे वाटेकडं बघत होते. सगुणामावशी लिंबाखाली गेल्या, एक गाडगं सोडून आणलं आणि चरात पालथं केलं. रोजचंच काम. त्यांच्या डोळ्यांत चुना जाऊन जाऊन दिसणं जवळपास संपलं होतं, त्या हातानंच सगळं ओळखायच्या. चाक त्यावरून गेलं आणि करकर वाजलं. मला गप्प बसवेना. मी ओरडून म्हणालो, "मिस्त्री, आज तुमचा हिरडा लई कडक हाय. माझ्या चाकाचे दात पाडून राहिला." सगळे हसले. सगुणामावशी तर डोळे पुसून हसल्या. मी आणखी काही फेरे घातले. करकर कमी होत गेली आणि मग थांबली.

पुढच्या फेऱ्यात मान वर गेली. फांदी रिकामी होती.

मिस्त्रींची गाडगी आपल्या फांदीला तशीच लटकत होती. मी बैल थांबवला. नक्की काय झालं ते मला आधी कळलं की मावशींना, सांगता येत नाही. त्या खाली बसल्या आणि रिकाम्या गाडग्यावरून हात फिरवू लागल्या. म्हणाल्या, "मला हिरडाच वाटला रे बाबा. नीट कुटला न्हाई म्हनलं कुनी." मग कपाळावर हात मारून घेऊ लागल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. कानात फक्त माझाच विनोद घुमत होता.

मी चरात उतरलो. ओंजळीनं चुना उपसायला लागलो. पण हात घातला, तर चुना कुठला आणि मथुरा कुठली? सगळं एकजीव झालेलं. हाताला भाजत होतं, तरी मी उपसत होतो. उस्मान मिस्त्री माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून माझ्यासमोर अंथरला आणि म्हणाले, "ये चुना अब दीवार कू नै लगाते. बांध ले, जितना होता उतना. मैं आता तेरे साथ नांदेड." त्या दिवसांत त्या माणसानं माझ्याबरोबर त्या रस्त्यानं येणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कोणत्या तरी नाक्यावर त्यांच्यामुळं मी जिवानिशी गेलो असतो, नाहीतर माझ्यामुळं ते. सगळा चर भरून माल, रुमाल एवढासा, आणि वर ऊन. चुना माझ्या डोळ्यांदेखत सुकत होता. गंगा राहिली, मथुरा माती होऊन इथंच वाळून जाणार, असं मनात आलं. त्या क्षणी मी देवाला हाक मारली असं सांगायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. मी हाक मारली नाही. माझ्याकडं हाकच उरली नव्हती.

तेवढ्यात वाटेनं एक कावडवाला आला. उघडा, काळा, खांदा सुजलेला. चालताना तो एका बाजूला कलत होता. कावड खांद्यावर घेतली की भुईला टेकवायची नसते, म्हणून तो सरळ लिंबापाशी गेला आणि जी फांदी नुकतीच रिकामी झाली होती, तिलाच त्यानं कावड टांगली. नायगावकडचा होता. नवस फेडायला नांदेडहून गंगेचं पाणी निलंग्याच्या पलीकडं आपल्या कुळाच्या महादेवाला नेत होता. वाटेत एका नाक्यावर आत काय आहे म्हणून कोणीतरी घागरीला काठी घातली आणि एक घागर तडकली. अर्धं पाणी गळून गेलं. फुटल्या भांड्यातलं पाणी देवाला चालत नाही, आणि गंगा रस्त्यावर ओतताही येत नाही. म्हणून ते ओझं तो तसंच वाहत होता. वाटेत कुठल्याच देवळात ते घेईनात. आम्ही न विचारताच हे सगळं त्यानं सांगितलं, थकलेला माणूस सांगतो तसं. आमच्यावर काय बेतलंय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चराकडं बघून तो म्हणाला,

"मामा, ह्यो देवाच्या बारवचा चुना हाय नव्हं? सुकून चाललाय. ह्यात वतू का गंगा?"

मी मान हलवली असेन. त्यानं तडकलेली घागर उचलली आणि चरावरून फिरत फिरत पाणी सोडलं, सगळीकडं सारखं, लहान लेकराला अंघोळ घालावी तसं. मथुरा मागत होती ती बुडी तिला मिळाली, आणि ती माझ्या गाडीतून गेली नाही, माणसाच्या खांद्यावरून गंगाच तिच्याकडं आली. मिस्त्री दोन्ही तळहात उघडून काहीतरी पुटपुटले. मग मला हलक्या आवाजात म्हणाले, "अब चला. रोक नक्को." मी बैलामागं उभा राहिलो. तो फेरा मी कसा चाललो हे शब्दांत सांगता येत नाही. हात न जोडता मी चालत होतो, एवढं आठवतं.

चुना लोण्यासारखा झाला. कावडवाला निघायला उठला तेव्हा अडचण अशी झाली की एक घागर भरलेली, दुसरी रिकामी. कावड झुकायला लागली. त्याला वजनाला काहीतरी हवं होतं. मी धोंडा शोधायला वळलो, तर मिस्त्रींनी मला दंडाला धरून थांबवलं. त्यांनी चरातला चुना थापीनं उचलला, तडकलेल्या घागरीची चीर आतून लिंपली आणि मग घागर भरत गेले, कावड बरोबर तोलली जाईपर्यंत. कावडवाल्यानं खांदा हलवून बघितला आणि पहिल्यांदा हसला. म्हणाला, "आता ठीक बसली."

मी विचारलं, परत जाताना या घागरींचं काय करतोस. तो म्हणाला, "नवस फिटला की दोन्ही गंगंत सोडायच्या असत्यात, मामा. घरला न्यायच्या न्हाईत." त्याला वाटलं मी सहज विचारलं. त्यानं कावड उचलली आणि तो चालू लागला. आयुष्यभर मी लोकांना पोचवलं. त्या दुपारी मथुरेला पोचवायला कोणी दुसराच निघाला आणि मी वाटेच्या कडेला उभा राहून बघत होतो. तिचं ओझं आता त्याच्या खांद्यावर सारखं बसलं होतं, तो कलत नव्हता.

उरलेला चुना मिस्त्रींनी बारवेच्या सगळ्यात खालच्या पायरीला लावला, जिथं पाणी पहिल्यांदा चढतं. स्वतःच्या हातानं घोटला, मावशींनाही हात लावू दिला. मावशींनी त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

तो कावडवाला पोचला का, परतताना त्यानं घागर गंगेत सोडली का, मला ठाऊक नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. रस्ते मोकळे झाल्यावर मी नांदेडला जाऊन आलो, घाटावर बसलो, आणि चौकशी करावी असं मनात आलं तेव्हा उठलो आणि बुडी मारली. जे मी नेणार होतो ते माझ्या हातून काढून घेतलं गेलं, आणि ज्या हातात दिलं गेलं तो हात मी निवडलेला नव्हता. ते पोचलं असेल यावर आता माझा विश्वास आहे, आणि विश्वास म्हणजे खात्री नव्हे, हे मला घाणीवर कळलं. पाण्यातून वर आलो तेव्हा हात आपोआप जोडले गेलेले होते. कधी जोडले, मला कळलं नाही.

पुतण्याला हे सगळं सांगेन कधीतरी. त्याला गंमत आवडते, म्हणून बैलापासून सुरुवात करेन. झापडं बांधलेला बैल गोल फिरत असतो आणि त्याला वाटतं आपण सरळ रस्त्यानं कुठंतरी निघालो आहोत. आम्ही सगळे त्याला हसायचो. त्या बैलाचं काही चुकत नव्हतं.