दळणाच्या पिशवीतला बोका

आमच्या घरी दळणाची एक जाड, मळखाऊ रंगाची पिशवी होती. तोंडाला नाडी, तळाला ठिगळ, आणि कितीही झटकली तरी शिवणीतून पीठ सांडायचंच. आमच्या बोक्याला सगळ्या घरात ही एकच वस्तू प्रिय होती. मी ती खुंटीवरून काढून जमिनीवर आडवी ठेवायची आणि तोंड जरा उघडून धरायची. तो कुठेही असला तरी यायचा, सरपटत आत शिरायचा, आतल्या आत वळून तोंड बाहेर काढायचा आणि पिठाळलेल्या मिशांनी माझ्याकडे बघत बसायचा. हा खेळ तो फक्त माझ्याशी खेळायचा. बाबांनी पिशवी धरली तर लांबून बघायचा आणि जांभई द्यायचा. आई म्हणायची, "उद्या पोळीत केस निघाला की बोलणी मला बसतील, तुम्हा दोघांना नाही."

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नाशिकच्या रविवार कारंज्यामागच्या एका गल्लीत, दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. समोरच्या खोलीत एक काकू राहायच्या. त्या एकट्याच होत्या, उडदाचे पापड लाटून द्यायच्या. बाबा ओझरच्या कारखान्यात होते, सकाळी कारखान्याच्या बसने जायचे. बोका कुठून आला ते कुणालाच माहीत नव्हतं. पिवळा, एक कान फाटलेला, आणि पुढचा उजवा पंजा चुन्यात बुडवून काढल्यासारखा पांढरा. एका दुपारी तो जिन्यात बसलेला दिसला, आणि मग तो आमचाच झाला.

मी सातवीत होते आणि मला सगळ्याचं कारण हवं असायचं. आई त्याला नसत्या उठाठेवी म्हणायची. शिवणाच्या टेपने मी बोक्याच्या मिशा मोजल्या. तो मांजरासारखा दूध पितो हे ठीक, पण काकडी का खातो? काकूंची उडदाची लाटी पळवतो, पण ज्वारीच्या भाकरीला तोंड का लावत नाही? त्याला उलटा धरून गादीवर सोडला तर तो खरंच पायांवर पडतो का? (पडतो. त्यानंतर आईने माझ्या पाठीत धपाटा घातला, तो मात्र मी पायांवर घेऊ शकले नाही.) माझी एक वही होती. तिच्यात मी हे सगळं लिहून ठेवायची, आणि बोका त्या वहीवरच बसायचा.

त्या उन्हाळ्यात मला भाऊ झाला. सव्वा महिन्याने आई बाळाला घेऊन आजोळहून आली आणि गल्लीतल्या बायका बाळ बघायला येऊ लागल्या. बाळ बघून झालं की नजर बोक्याकडे जायची. "मांजर बाळाच्या छातीवर बसतं बरं का." "केस पोटात गेला तर?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण आई थकलेली होती, बाळ रात्रंदिवस रडायचं, आणि एका दुपारी बोका खरंच पाळण्यात, बाळाच्या पायांशी झोपलेला सापडला. आईने किंकाळी फोडली. बोका काही खिडकीतून बाहेर गेला नाही. त्याने नुसते डोळे उघडले आणि परत मिटले. संध्याकाळी आई बाबांना म्हणाली, "याला सोडून या. मला धसका बसलाय."

मांजर सोडायचं म्हणजे नदीपार सोडायचं, हे आमच्याकडे ठरलेलं होतं. गावात कुठेही सोडा, मांजर घरी येतं. पण गोदावरी ओलांडली की त्याची दिशा चुकते, पाण्यापलीकडचा वास त्याला लागत नाही, ते परत येत नाही. पिशवीत घालायचं, म्हणजे वाट दिसत नाही. सोडायच्या आधी पिशवी गोल फिरवायची. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणाला कसं माहीत, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी रडले असणार, सगळे तसंच म्हणतात. पण मला जे नक्की आठवतं ते मी आजवर फार कमी जणांना सांगितलं आहे. रडण्याच्या खाली मला एक उत्सुकता होती. पाण्यापलीकडचा वास खरंच लागत नाही का? बोका येईल, असं माझं मत होतं. चार दिवसांत येईल, आणि मग सगळी गल्ली खोटी पडेल, आईलाही त्याला ठेवून घ्यावं लागेल. वहीत मी लिहिलं, 'मांजर नदी ओलांडून घरी येतं का?' आणि खाली अंतर मोजायला जागा सोडली.

रविवारी सकाळी बाबांनी बोक्याला धरायचा प्रयत्न केला. तो कपाटावर चढला. बाबांच्या हातावर तीन ओरखडे उठले. मग मी खुंटीवरून पिशवी काढली, जमिनीवर आडवी ठेवली आणि तोंड उघडून धरलं. बोका कपाटावरून उतरला, शेपटी वर करून आला आणि आत शिरला. आतल्या आत वळून त्याने तोंड बाहेर काढलं. मी ते हाताने हळूच आत ढकललं आणि नाडी ओढली.

बाबांनी स्कूटर सुरू केली. मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसले, पिशवी मांडीवर. बोका आत हलत नव्हता. मी डोळे मिटून घेतले, त्याला काय काय कळत असेल ते बघायला. तेलाच्या घाण्याचा वास, मग उदबत्त्यांचा, पुलावर आल्यावर चाकांचा बदललेला आवाज आणि खालून येणारी ओली हवा. हे सगळं त्याने लक्षात ठेवावं म्हणून मी पिशवीवर हात ठेवून त्याला एकेक गोष्ट पुटपुटत सांगत होते.

पुलाच्या टोकाला गर्दी होती, बाबांनी स्कूटर थांबवली. समोरून, नदीपलीकडच्या पंचवटीकडून एक माणूस सायकल हातात धरून चालत येत होता. हँडलला गोणपाट बांधलेलं, आणि ते म्यांव करत होतं. त्याने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, बाबांनी त्याच्या गोणपाटाकडे.

"बोका का?" त्याने विचारलं.

"हो," बाबा ओशाळून म्हणाले. "तुमचं?"

"मांजरी हाय. लय चोर. सायच ठेवत नाय." त्याने घाम पुसला. "तुम्ही मंडईत सोडा. भाजीवाल्या बाया तुकडा घालत्यात."

"तुम्ही दूधबाजारात सोडा. तिथे आबाळ होणार नाही."

दोघांनी एकमेकांना इतक्या आपुलकीने माहिती दिली, जणू मुलीच्या सासरची चौकशी चालली होती. मग तो माणूस हसला. "च्यायला, मग हितंच अदलाबदल करू की. दोघांची बी चक्कर वाचंल."

बाबा हसले, आणि क्षणभर खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "घरी काय सांगू?" तो म्हणाला, "ते बी खरंय," आणि आम्ही दोन दिशांना गेलो.

मंडईच्या मागे, रिकाम्या हातगाड्यांपाशी बाबांनी पिशवी धरून स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. चेहरा असा की कुणी ओळखीचं बघू नये. मी नाडी सोडली. बोका बाहेर आला, शिंकला, पांढरा पंजा चाटला. तो पळाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिशवीत शिरायला निघाला. बाबांनी पिशवी वर उचलली.

चार दिवस झाले. आठ झाले. मग पावसाने जोर धरला, धरणातून पाणी सोडलं आणि घाटावरचे बुटके पूल बुडाले. मी शाळेतून येताना वाकडी वाट करून नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बघून यायची, पूर किती चढला ते त्याच्या अंगावरून कळायचं. पाणी गुडघ्यांवर, कमरेवर, एक दिवस छातीवर. वहीत मी लिहायची, 'आज कंबर. बोका येऊ शकणार नाही.' त्यात बोक्याचं काही चुकत नव्हतं, दोष नदीचा होता, एवढं तरी समाधान. पाणी ओसरल्यावर मी बाबांच्या मागे लागून दर रविवारी मंडईत जाऊ लागले. कोथिंबीरवाल्या बाईला खुणा सांगितल्या. ती म्हणाली, "पिवळा बोका? अगं बाय, हितं ईस हायेत. लोकं आणूनच सोडत्यात." तिथे खरंच खूप मांजरं होती. फाटक्या कानाचं एकही नव्हतं. वही मी बंद केली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातली मी. मला उत्तर हवं होतं म्हणून मी त्याला पिशवीत घातलं, आणि उत्तरही मिळालं नाही.

दिवाळीत बाबांना कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. आम्ही ट्रकमध्ये सामान भरलं आणि ओझरला गेलो. ओझर पंचवटीच्या पुढे. पूल ओलांडताना मला वाटलं, आता आम्ही सगळेच नदीपार. तो मंडईत असेल तर आता आपल्याच बाजूला आहे. या विचाराने मला बरंही वाटलं, याचं आता आश्चर्य वाटतं.

पुढे मी शिकले, नाशिक रोडला नोकरीला लागले, लग्न होऊन तिथेच राहिले. गल्ली सोडून दहा-बारा वर्षं झाल्यावर, एकदा मेन रोडला खरेदीला गेले असताना सहज जुन्या गल्लीत शिरले. काकू तशाच होत्या, हाताला तसाच उडदाचा वास. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमचा बोका गेला बरं का गं. त्याला झाली तीन-चार वर्षं."

"कुठला बोका?"

"अगं, तुमचा! फाटका कान. तुम्ही गेलात आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी हा दारात हजर."

माझ्या तोंडून आधी प्रश्नच निघाले. किती वाजता आला? कुठून? अंगावर जखमा होत्या? पंजे सोलले होते? काकू हसल्या. "मी काय त्याला रिपोर्ट मागणार? हाडं दिसत होती एवढं खरं." तो थेट जिना चढून आमच्या दारात बसला होता. नव्या बिऱ्हाडाने हाकलला. काकूंनी त्याला लाटी दिली. मग तो त्यांच्याकडे राहिला, सात-आठ वर्षं. जेवायचा त्यांच्याकडे आणि दुपारी बसायचा आमच्या दारापाशी. शेवटी एका पावसाळ्यात गेला तो आलाच नाही.

आठ-दहा दिवस. आम्ही आठ-दहा दिवस आधी गेलो होतो. आम्ही नदीच्या त्या बाजूला गेलो आणि तो या बाजूला आला. मला काकूंसमोर रडू आवरेना.

"पण तुझ्या बाबांना माहीत होतं की," काकू गोंधळून म्हणाल्या. "संक्रांतीला तुमचा राहिलेला पाटा न्यायला आले होते, तेव्हाच सांगितलं मी. परत एकदा येऊनही गेले ते."

पुढच्याच रविवारी मी ओझरला गेले. आई आत झोपली होती. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. तेव्हा माझ्या घरी दोन मांजरं होती, डॉक्टरकडे न्यायची टोपली दिसली की पलंगाखाली दडायची; त्यांच्या तक्रारी मी बाबांना नेहमी सांगायची, तशीच सुरुवात केली आणि मध्येच विचारलं, "बाबा, बोका परत आला होता?"

त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"आला होता. तुझी आईच म्हणाली, घेऊन या. बाळ मोठं झालं होतं, इथे अंगणही होतं. तुला चकित करायचं ठरलं होतं आमचं. मी गेलो त्याला आणायला. तो आपल्या जुन्या दारात बसला होता. मला बघून उठला, जवळ आला. मग मी काखेतली पिशवी काढली."

"दळणाची?"

"दुसरी कुठली होती आपल्याकडे? ती बघितली आणि असा पळाला, की संध्याकाळपर्यंत कौलांवरून खाली आला नाही. दोन तास थांबलो मी."

"मग नंतर मला का नाही नेलंत? माझ्याजवळ आला असता तो."

"आला असता," ते म्हणाले. "म्हणूनच नाही नेलं. तुला परत ती पिशवी धरायला सांगायची माझी छाती झाली नाही."

पिशवी अजून होती. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे, तशीच खुंटीला, आणखी दोन ठिगळं लागलेली. निघताना मी ती काढून हातात घेतली. शिवणीतून थोडं पीठ माझ्या पायांवर सांडलं. मी ती जमिनीवर आडवी ठेवली, तोंड उघडून धरलं आणि तशीच बसून राहिले. माझ्या हातून तो दुसऱ्यांदा आत गेला असता का, हे मला अजूनही कळलेलं नाही.